धारेचं मशीन आणि पाण्याचा डबा



सोयाबीनची काढणी जवळ आली की घराघरांतले विळे बाहेर निघतात. त्यापाठोपाठ ऊसतोडीचे कोयते. खुरपी तर वर्षभर हातात असतात, आणि शिलाई करणाऱ्या तायांच्या कात्र्या बारा महिने बोथट होतात. त्यामुळे धार लावून देण्याचं काम काही गटांनी सुरू केलंय, आणखी काही गट त्यासाठी कर्जाची मागणी करतायत. काम चांगलं आहे. भांडवल फार नाही, एक पडवी पुरते, गिऱ्हाईक गावातलंच. पण फिरताना एक तक्रार कानावर येते: "तुमच्या बायकांकडून विळ्याला धार लावून नेली. पहिल्या दिवशी लोण्यासारखा चालला. दुसऱ्या दिवशी नुसता घासतोय."

बायकांनी धार वाईट लावली, असं नाही. बहुतेक वेळा दोष चाक कोरडं चालवण्याचा असतो. म्हणून या अंकात चाक आणि पाणी याबद्दलच लिहिते.

लोहाराने पाजलेलं पाणी

विळा घडवून झाला की लोहार काय करतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पातं लाल होईपर्यंत तापवतो आणि चर्रकन पाण्यात किंवा तेलात बुडवतो. याला आपण "पाणी पाजणं" म्हणतो. त्याने लोखंड कडक होतं. मग ते फार ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा हलकी ऊब दाखवतात. विळा टिकतो तो या पाण्यावर. नुसतं घासून कुठल्याही पत्र्याला धार येईल, पण ती टिकणार नाही.

आता हे पाणी चढतं तसं उतरतंही, आणि ते उतरवायला भट्टी लागत नाही. मशीनच्या चाकावर पातं दाबून धरलं की घासण्याने उष्णता तयार होते. विळ्याच्या पाठीला लोखंड जाड असतं, तिथे उष्णता पसरून जाते. धारेची कड मात्र कागदासारखी पातळ. तिथली उष्णता जाणार कुठे? दोन-तीन सेकंदांत ती कड तापते. आधी पिवळसर झाक येते, ती साधारण २२० ते २३० अंशांना. मग तपकिरी, मग जांभळी, आणि ३०० अंशांच्या आसपास मोरपिसासारखा निळा रंग. दिसायला तो रंग सुंदर असतो. एका गटात एक ताई मला कौतुकाने सांगत होत्या, "बघा मॅडम, कशी चकाकी आली!" पण निळा रंग आला म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. ती कड मऊ झाली. पहिल्या दिवशी कापेल, कारण धार आहे. दुसऱ्या दिवशी वळेल, कारण कडकपणा नाही.

अशा विळ्याला परत-परत धार लावून उपयोग नाही. निळा पट्टा अगदी बारीक असेल तर तो सावकाश, पाण्यात, पूर्ण घासून काढायचा. खालचं चांगलं लोखंड लागलं की विळा पुन्हा कामाचा होतो. पट्टा रुंद असेल तर लोहाराकडे पाठवून नव्याने पाणी पाजावं लागतं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. लपवलं तर गिऱ्हाईक जातं आणि गावभर नावही जातं.

पाणी चाकावर की विळ्यावर?

हे तुमच्याकडे मशीन कुठलं आहे त्यावर ठरतं, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

बाजारात स्वस्तात मिळतं ते बेंच ग्राइंडर. मध्ये मोटार, दोन बाजूंना दोन चाकं, मिनिटाला सुमारे २,८०० फेरे. हे मशीन कोरडं चालवण्यासाठी बनवलेलं आहे. याच्या चाकावर मग्ग्याने पाणी ओतायचं नाही, चिंध्यांची बत्ती करून थेंब-थेंब सोडायचंही नाही. एक तर पाणी मोटारीत जातं आणि शॉक बसतो. दुसरं, इतक्या वेगाने फिरणारं चाक एका बाजूने पाणी पिऊन जड झालं की तोल जातो, हादरे बसतात, चाक फुटूही शकतं. फुटलेल्या चाकाचा तुकडा गोफणीतून सुटल्यासारखा जातो. म्हणून या मशीनवर पाणी विळ्याला द्यायचं. शेजारी पाण्याचा डबा ठेवायचा. पातं चाकाला हलकं टेकवायचं, एका जागी न थांबता सरकवत न्यायचं, की लगेच डब्यात. पुन्हा टेकवायचं, पुन्हा डब्यात. पाठीवर ठेवलेल्या बोटांना गरम लागेपर्यंत थांबू नका. बोटाला कळेपर्यंत कडेचं पाणी उतरलेलं असतं. आणि निळं झाल्यावर बुडवून तर काहीच परत येत नाही, उलट धारेला बारीक तडे जाऊ शकतात. बुडवायचं ते तापण्याआधी.

दुसऱ्या प्रकारचं मशीन सावकाश फिरतं आणि त्याच्या चाकाखाली पाण्याची पन्हळ असते. हाताने किंवा पायाने फिरवायची जुनी दगडी साण याच जातीची. इथे चाकच ओलं ठेवायचं. पाणी फक्त थंड ठेवतं असं नाही. चाकाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, त्यात लोखंडाचा कीस अडकला की चाक कापायचं सोडून नुसतं रगडतं, आणि रगडलं की जास्त तापतं. पाणी हा कीस धुऊन नेतं. चाक गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागलं तर ते भरलंय असं समजा. त्याचं तोंड ड्रेसरने खरवडून घ्यावं लागतं. जोर लावून दाबणं हा त्यावर उपाय नाही, जरी मोह तसाच होतो.

ओल्या मशीनचा एक नियम मात्र कटाक्षाने पाळा. काम संपल्यावर चाक पाण्यात उभं ठेवून घरी जायचं नाही. रात्रभर खालची बाजू पाणी पीत राहते, वरची कोरडी. सकाळी चालू केलं की चाक एकीकडे जड. दगडी साण असेल तर भिजलेली बाजू मऊ पडून लवकर झिजते आणि साण वाकडी होते. म्हणून पन्हळीतलं पाणी आधी काढा, मग चाक दोन-चार मिनिटं मोकळं फिरवा, म्हणजे अंगातलं पाणी झटकून निघेल, आणि मगच बंद करा. पन्हळ रोज रिकामी केली की डासांचीही सोय होत नाही, हा वरचा फायदा.

धूळ: हे जरा लक्ष देऊन वाचा

विळा खराब झाला तर दुसरा मिळतो. फुप्फुसाचं तसं नाही.

दगडाच्या धुळीत सिलिका असते. तिचे बारीक कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, ते श्वासाबरोबर खोल जातात आणि फुप्फुसात घट्ट व्रण तयार होतात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही, आणि तो झालेल्यांना क्षयरोग होण्याचा धोकाही जास्त असतो. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात चाकू-सुऱ्यांना धार लावणारे हजारो कामगार होते. एंगेल्सने १८४५ साली लिहिलेल्या पुस्तकात तिथल्या एका डॉक्टरांचा हवाला दिलाय: कोरड्या दगडावर काम करणारा कामगार सरासरी जेमतेम ३५ वर्षं जगत असे, ओल्या दगडावरचा फार तर ४५. म्हणजे पाण्याने दहा वर्षं वाचत. पण पाणी आहे म्हणून सगळं ठीक, असंही नव्हतं, हेही त्याच आकड्यांत दिसतं.

इतक्या लांब जायलाही नको. गुजरातमध्ये खंभातला अकीक दगडाचे मणी घासण्याचा धंदा घरोघरी चालतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे वर्षानुवर्षं तपासण्या केल्या. सिलिकोसिस घासणाऱ्यांमध्ये सापडलाच, पण जे स्वतः चाकाला हात लावत नाहीत अशा आसपास राहणाऱ्यांमध्येही सापडला. हे मी मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे मशीन पडवीत असतं आणि त्याच पडवीत झोळी बांधलेली असते.

आता फरक समजून घ्या. आपल्या मशीनवरची दुकानी चाकं बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडची असतात. ती नैसर्गिक वाळूच्या दगडाइतकी धोकादायक नाहीत. पण लोखंडाची आणि चाकाची धूळ छातीला चांगली नाहीच. दगडी साण वापरत असाल तर ती कोरडी चालवायचीच नाही, पाच मिनिटांच्या कामासाठीसुद्धा. पदर किंवा ओढणी तोंडाला बांधून ही बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क लागतो, आणि तो गटाच्या खर्चातून घ्यावा. मुलांना, बाळंतिणीला, दमेकऱ्याला त्या जागेपासून लांब ठेवा.

आणि पन्हळीत तळाला बसणारा काळा चिखल! त्यात तीच धूळ आहे, फक्त भिजलेली. तो जमिनीवर सांडून वाळला आणि सकाळी आपण झाडू मारला की काल पाण्याने पकडलेली सगळी धूळ आज पुन्हा हवेत. म्हणून तो ओला असतानाच खरवडून डब्यात भरा, जमीन ओल्या फडक्याने पुसा, आणि चिखल विहीर, हापसा, परसबाग यांपासून लांब खड्ड्यात पुरा.

पाणी आणि वीज एकाच जागी

मशीनला अर्थिंग हवंच. तीन पिनांतली एक मोडून दोनच लावणं बंद करा. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. बटण पाण्याच्या डब्यापासून लांब, पण हात पोचेल असं. पायाखाली रबरी चटई. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही, त्यासाठी खांद्यावर नाही तर खिळ्यावर एक कोरडं फडकं ठेवा. खांद्यावर का नाही, तर फिरत्या चाकाजवळ लोंबणारं काहीच नको. पदर खोचलेला, वेणी अंबाड्यात, बांगड्या काढून किंवा वर सारून. डोळ्यांना गॉगल. हातमोजे मात्र घालू नका. आपल्याला वाटतं मोजे म्हणजे सुरक्षा, पण इथे चाक मोजा ओढतं आणि मोज्याबरोबर बोटं. पातं टेकवायची पट्टी आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर पातं आत ओढलं जातं.

धार लावून झाल्यावर ओला विळा तसाच परत देऊ नका. पुसून, तेलाचा बोळा फिरवून द्या. गिऱ्हाइकाला ते दिसतं.

नवीन मशीन घेणाऱ्या गटांसाठी एवढंच. दुकानात जाताना किमान दोघी जा. मशीन पाण्यावर चालवायचं आहे की कोरडं, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघून घ्या. दुकानदाराच्या "चालतंय की" वर जाऊ नका. चाकावर छापलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ते चाक घेऊ नका. नवं चाक बसवण्याआधी बोटात लटकवून लाकडी मुठीने हलकं वाजवा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे, तिथल्या तिथे बदलून मागा. गॉगल, मास्क आणि आरसीसीबी यांचा खर्च प्रस्तावातच धरा. मागाहून त्यासाठी वेगळे पैसे निघत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे.