पाळक की पाटील?

देवगाव फाट्यावरून मंठ्याच्या रस्त्याने निघालात की पुढे जालना लागते. तिथे जवळच रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले. बेथेलात राहायला आले ते बहुतेक मांग समाजातले. गाव ज्यांचा स्पर्श टाळी, त्यांचेच हे पाळक झाले.

आता पाळक म्हटले की तुम्हांला धनी आठवेल. ख्रिस्ती मंडळीत अर्थ उलटा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पेत्र नको नको म्हणाला. पाहुण्याच्या पायांवर पाणी आपणही घालतो. पण गुरूने चेल्याचे पाय धुतलेले कुठे पाहिलेत?

बोलायला हे सोपे हो! जिथे जमीन, विहीर, शाळा सारे पाळकाच्या शब्दावर चालते, तिथे त्याचा पाटील व्हायला कितीसा वेळ? मंडळीच हात जोडून उभी राहते. शेषाद्री ज्या प्रेस्बिटेरियन पंथाचे, त्याने यावर एक तोड काढली आहे. मंडळीतलेच काही वडील निवडून कारभाराला बसवतात, आणि सभेत त्यांचे मत पाळकाच्या मताइतकेच मोजतात.