परसातील बटाट्यास पाणी

कुसगावी पावसाळ्यात पाण्यास तोटा नाही. पण परसातील रब्बीचा बटाटा लावावयाचा तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर. मग भिस्त घागरीवर. या पिकाची मुळे उथळ, म्हणून पाणी थोडे परंतु वरचेवर द्यावे. ते सरीत सोडावे, वरंब्याच्या माथ्यावर चढू देऊ नये. माती वाहून उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे होतात व खाण्यास अपायकारक ठरतात. सुमारे ३० दिवसांनी बटाटे धरू लागतात. तेव्हा ताण पडल्यास ते कमी धरतात; पुढे ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिल्यास तडकतात. दिवाळीची सुट्टी पुष्कळदा याच सुमारास येते! शिक्षकांनी मुलांस हे आधीच समजावून द्यावे. काढणीपूर्वी ८-१० दिवस पाणी तोडावे, म्हणजे साल पक्की होते.