मोहोर भरपूर, फळ थोडे : परागकणांची तपासणी

मालवण, देवगड व वेंगुर्ले या पट्ट्यात हापूसचा मोहोर पुष्कळदा झाडभर येतो, परंतु फळधारणा बेताचीच होते. अशा वेळी बागायतदार आणखी एक फवारणी करून मोकळा होतो. दोष परागकणांत आहे की पराग वाहून नेणाऱ्या माश्यांच्या अभावात, हे न ठरविता केलेला हा खर्च बहुधा वाया जातो. शिवाय फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारल्याने उरल्यासुरल्या माश्याही नाहीशा होतात.

परागकणांची परीक्षा अवघड नाही. आंब्याच्या फुलात बहुधा एकच पुंकेसर फलक्षम असतो. सकाळी नुकत्याच उमललेल्या फुलातील त्याचा परागकोश काचपट्टीवर चिरडून वर ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकावा. भरीव कण लाल होतात. पोकळ कण फिके व सुरकुतलेले राहतात.

पूर्वी हे कण सूक्ष्मदर्शकास डोळा लावून एकेक मोजावे लागत. आता त्यांचे छायाचित्र संगणकात घेऊन ‘इमेज-जे’ या आज्ञावलीने मोजता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेली ही आज्ञावली विनामूल्य मिळते. प्रथम मिलिमीटरचे शंभर भाग पाडलेल्या मापनपट्टीचे चित्र तितक्याच वर्धनाने घेऊन संगणकास माप सांगावे लागते. मग रंगाची मर्यादा ठरविली की लाल कण वेगळे निघतात व त्यांची संख्या आणि आकारमान मिळते. मात्र यंत्रास पराग म्हणजे काय हे ठाऊक नसते. माझ्या पहिल्याच मोजणीत आकडा फार उत्तम आला. चित्र पुन्हा पाहिले, तो त्यांतले कित्येक हवेचे बुडबुडे! म्हणून आकाराची किमान व कमाल मर्यादा घालावी, चिकटलेले कण आज्ञावलीकडून विलग करवावे आणि एक-दोन चित्रे हाताने मोजून ताळा पाहावा.

लाल झालेला प्रत्येक कण रुजेलच असेही नाही. त्यासाठी साखर व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात परागनलिका फुटते का, हे पाहतात. मोहोर घडत असताना कडक थंडी पडल्यास पराग निकृष्ट होतात. तेव्हा थंडीतल्या व नंतरच्या मोहोराचे नमुने निरनिराळे ठेवावेत. कण सकस असूनही फळ धरत नसेल, तर माश्यांकडे प्रथम लक्ष द्यावे.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 1981 साली प्रसृत केलेली ‘रत्ना’ ही जात नीलम व हापूस यांच्या संकरातूनच निघाली. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नमुने अनेक झाडांच्या चारही बाजूंनी, कागदी पाकिटात घ्यावेत. पाकिटावर तारीख, झाडाचा क्रमांक व शेवटच्या फवारणीचा दिवस लिहावा.