खर्जाची तार आणि तिचा वर्धक

वाद्यवृंदांत खर्जाचें काम करणाऱ्याकडे श्रोत्यांचें लक्ष क्वचितच जातें. तो वाजवीत असतो तोंवर त्याची जाणीव होत नाहीं. थांबला म्हणजे मात्र गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. पाश्चात्य नृत्यवृंदांत हें काम पूर्वीं डबल बास हें माणसाहून उंच, व्हायोलिनच्या कुळांतील वाद्य करीत असे. ट्रंपेट आणि ढोल यांच्या गजरांत त्याचा आवाज बुडून जाई. एव्हरेट हल या अमेरिकन बासवादकानें १९४० नंतरच्या दशकांत त्या वाद्याच्या तळच्या खुंटींत मायक्रोफोन बसविला. त्या ‘ॲम्प्लिफाइड पेग’वरूनच ‘ॲम्पेग’ हें नांव निघालें. पुढें लिओ फेंडर या कॅलिफोर्नियांतील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानें १९५१ सालीं ‘प्रिसिजन बास’ ही भरीव लाकडाची बास गिटार बाजारांत आणली. गंमत अशी कीं, त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. भरीव लाकडाला पोकळ भोपळ्यासारखा स्वतःचा घुमार नसतो. म्हणून १९५२ सालीं तिच्यासाठीं ‘बासमन’ हा वर्धकही काढावा लागला. तेव्हांपासून वाद्य आणि वर्धक मिळून एकच वाद्य होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या दोहोंमधील दुवा म्हणजे पिकअप. त्याची सर्वांत प्रचलित जात लोहचुंबकाची. तारेखालीं चुंबक, आणि त्याच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. वरची पोलादी तार थरथरली म्हणजे चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं जो नियम दाखविला, तोच हा. अर्थात् येथें तार पोलादाची हवी. तांतीची किंवा नायलॉनची तार या पिकअपला ऐकूंच येत नाहीं.

ही वीज अत्यंत अल्प असते, आणि सारें मर्म येथेंच आहे. बारीक झऱ्याच्या विहिरीवर मोट लावली तर पाणी तळाला जातें. तांब्यानें उपसलें तर पातळी हलत नाहीं. वर्धकानेंही पिकअपपासून असें तांब्यानेंच घेतलें पाहिजे. म्हणून त्याच्या प्रवेशद्वाराशीं मोठा विद्युत्-रोध ठेवतात. बास गिटारच्या वर्धकांत तो बहुधा दहा लाख ओहमांच्या आसपास असतो. चुंबकी पिकअपच्या वेटोळ्याचा साधा रोध दहा हजार ओहमांच्या घरांतला; परंतु स्वर जसजसा चढतो, तसतसा वेटोळ्याचा अडथळाही वाढत जातो. अशा पिकअपला कमी रोधाच्या दारांत जोडलें, तर वरचे स्वर आधीं मरतात आणि आवाज घोंगडींत गुंडाळल्यासारखा येतो.

दुसरी जात स्फटिकाची, म्हणजे पिएझो. कांहीं स्फटिकांवर दाब पडला कीं वीज निघते, हें झाक व पिएर क्युरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. घोडीखालीं ठेवलेला असा तुकडा तार कशाचीही असो, तिचा धक्का ओळखतो. म्हणून डबल बासला आणि पोकळ बास गिटारला तो सोयीचा. पण त्याचा स्वभाव चुंबकाच्या अगदीं उलट! त्याच्या बाबतींत दाराचा रोध अपुरा पडला, तर खालचे स्वर जातात. हिशेबच करावयाचा तर, ५०० पिकोफॅरड धारकतेचा पिकअप दहा लाख ओहमांच्या दारांत जोडला, तर सेकंदाला सुमारें ३२० कंपनांच्या खालचे स्वर क्षीण होऊं लागतात. बास गिटारच्या चार मोकळ्या तारा सुमारें ४१ पासून ९८ कंपनांपर्यंतच्या! म्हणजे ज्यासाठीं वाद्य घेतलें, नेमकें तेंच दाराबाहेर राहिलें. रोध एक कोटी ओहम केला कीं ही सीमा ३२ कंपनांवर उतरते आणि खर्ज परत येतो. त्यासाठीं मध्यें एक लहानसा पूर्ववर्धक लावावा लागतो. कित्येक तरुण या अनुभवानें चांगलें वाद्य कवडीमोलानें विकून मोकळे होतात. दोष वाद्याचा नसतो, सोयरीक चुकलेली असते.

तिसऱ्या तऱ्हेंत हा पूर्ववर्धक वाद्याच्या पोटांतच असतो आणि तो लहान बॅटरीवर चालतो. १९७६ सालचें ‘म्यूझिक मॅन स्टिंगरे’ हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. येथें झरा बारीक नाहीं, उलट पाण्याला जोर फार. वर्धकाचा पहिलाच टप्पा त्यानें गुदमरतो आणि स्वर फाटतो. म्हणून पुष्कळ वर्धकांवर ‘ॲक्टिव्ह’ असें वेगळें दार किंवा बटण असतें. त्यानें दहा डेसिबेल कमी केले, तर विजेचा दाब जवळजवळ एकतृतीयांश होतो.

चुंबकी पिकअपला आणखी एक खोड आहे: भोंवतालच्या विजेच्या तारांची गुणगुण तो तितक्याच आवडीनें ऐकतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि बास गिटारच्या सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ कंपनांचा. अमेरिकेंत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तेथें ती दुसऱ्या स्वराशीं झोंबते. उपाय म्हणून दोन वेटोळीं उलट दिशांनीं गुंडाळून त्यांचे चुंबकही उलट ठेवतात. मग गुणगुण परस्परांना खाते आणि तारेचा स्वर मात्र टिकतो. प्रिसिजन बासचा पिकअप १९५७ सालीं असा दुभंगला. गुणगुण घालविण्यासाठीं वर्धकाच्या प्लगाची अर्थिंगची पिन काढून टाकणें हा मात्र उपाय नव्हे. वाद्याच्या तारा त्या अर्थिंगशीं जोडलेल्या असतात, आणि वर्धकांत बिघाड झाल्यास वीज वादकाच्या हातांत उतरते. १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला.

राहतां राहिला कर्णा. स्वर एक सप्तक खालीं उतरला, तर तितकाच आवाज काढण्यासाठीं कर्ण्याच्या पडद्याला चौपट अंतर हालावें लागतें. साध्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ कंपनांची, बासची ४१. तेव्हां गिटारच्या वर्धकांत बास जोडून आवाज चढविला, तर तेथला कागदी पडदा फाटण्याची भीति असते. १९६९ सालच्या ॲम्पेगच्या ३०० वॉटच्या वर्धकाबरोबर आठ-आठ कर्ण्यांच्या दोन पेट्या असत, त्या याच कारणास्तव. घरच्या खोलींत, शेजाऱ्यांची झोंप न मोडेल इतक्या बेतानें सराव करावयाचा असेल, तर लहान वर्धकही निभावून नेतो. खर्ज थोडा पातळ वाटेल इतकेंच.