परक्या श्रद्धेचें गाणें
(नभोवाणीवरील भाषण)



डिसेंबर महिना उजाडला कीं आमच्या बोरिवलीच्या बाजूस संध्याकाळीं गाणाऱ्यांचे मेळे निघतात. एखाद्याच्या गळ्यांत गिटार, पुढें मुलें, मागें वडीलधारी मंडळी, असा हा मेळा ख्रिस्तजन्माचीं गीतें म्हणत घरोघर फिरतो. गेल्या वर्षीं आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारांत असा एक मेळा आला, तेव्हां संस्थेचे एक पदाधिकारी मोठ्या सौजन्यानें पुढें होऊन म्हणाले, "या, या! पण तें 'जिंगल बेल्स' म्हणा. धार्मिक कांहीं नको. येथें सर्व प्रकारचे लोक राहतात." मेळ्यांतील मंडळी किंचित् हंसली आणि त्यांनीं तें गाणें म्हटलें. आमच्या मुलांनीं टाळ्यांचा कडकडाट केला.

आतां गंमत पाहा. हें 'जिंगल बेल्स' जेम्स पियरपॉन्ट या अमेरिकन गृहस्थानें १८५७ सालीं प्रसिद्ध केलें. बर्फावरून घसरत जाणारी घोड्याची गाडी आणि तरुण मंडळींची मौज एवढाच त्याचा विषय आहे. त्यांत ख्रिस्ताचें नांव नाहीं, आणि नाताळाचेंहि नाहीं. म्हणजे ज्या उत्सवासाठीं हीं माणसें आमच्या दारीं आलीं होतीं, त्या उत्सवाचा उल्लेखसुद्धां नसलेलें गाणें आम्हीं त्यांच्याकडून मुद्दाम मागून घेतलें!

ज्याचा ख्रिस्तावर विश्वास नाहीं, किंबहुना जो कोणत्याच देवाच्या नादीं फारसा लागत नाहीं, अशा इहवादी श्रोत्याच्या कानीं ख्रिस्ती श्रद्धेचें लोकप्रिय गीत पडलें म्हणजे तो काय करतो, या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. मी स्वतः त्याच वर्गांतला. घरीं देव्हारा आहे, पण त्यापुढें बसण्याचा नेम मीं कधीं पाळला नाहीं. तेव्हां हा विचार दुसऱ्यास दोष देण्यासाठीं नसून स्वतःची झडती घेण्यासाठीं आहे.

अशा श्रोत्याची पहिली रीत म्हणजे गाण्यांतील श्रद्धा हळूच वगळावयाची आणि उरलेलें गाणें ठेवून घ्यावयाचें. 'हम होंगे कामयाब' हें गीत आपल्या शाळाशाळांतून म्हटलें जातें. हिंदी कवि गिरिजाकुमार माथुर यांनीं तें 'वी शॅल ओव्हरकम' या अमेरिकन गीतावरून रचलें. त्या गीताचीं मुळें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांच्या भजनांत आहेत; चार्ल्स टिंडली या धर्मोपदेशकानें विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध केलेलें एक भजन त्याच्या पूर्वजांत गणलें जातें. पुढें संपावरील कामगारांनीं आणि समान हक्कांसाठीं झगडणाऱ्या सत्याग्रहींनीं तें आपलेंसें केलें. मीं तें प्रभातफेऱ्यांत कितीदां तरी मुलांकडून म्हणवून घेतलें. पण त्याचा जन्म प्रार्थनामंदिरांत झाला, हें त्यांना एकदांहि सांगितलें नाहीं.

चित्रपटसंगीताची कथा याहून वेगळी नाहीं. गोव्यांत गांवोगांवच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपि, व्हायोलिन आणि समूहगायन शिकवीत. त्या परंपरेंत वाढलेले वादक मुंबईस आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या जाणकारांनीं हिंदी गीतांमागील वाद्यवृंदाची बांधणी केली. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांतील एका गाण्यांत संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरु गोन्साल्विस यांचें नांवच गोंवलेलें आहे. परंतु त्याच चित्रपटांत अकबराच्या वाट्यास साईबाबांपुढें म्हणावयाची भक्तीची कव्वाली आली, आणि अँथनीच्या वाट्यास ईस्टरच्या मेजवानींत एका प्रचंड अंड्यांतून बाहेर पडून म्हणावयाचें विनोदी गीत! ख्रिस्ती माणसाचें वाद्य आम्हांस हवें, त्याचा नाच हवा. त्याची प्रार्थना मात्र त्यानें घरीं ठेवावी, अशी आमची अपेक्षा असते.

दुसरी रीत याहून सूक्ष्म आहे. तींत गाण्याचे शब्द राहतात, पण गाणाराच विसरला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना महाराष्ट्र 'फुलामुलांचे कवि' म्हणून ओळखतो. जखमी पक्ष्यावरील त्यांची कविता पाठ नसलेला जुना विद्यार्थी विरळा. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि १९१९ सालीं ते वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनीं ख्रिस्ताविषयीं अभंग आणि भजनें रचलीं; मराठी माणसास ख्रिस्त सांगावयाचा तर तो टाळमृदंगाच्या साथीनें, मराठी वृत्तांत सांगितला पाहिजे, ही त्यांची धारणा होती. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलों, अशा अर्थाचे उद्गार ते काढीत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तीं भजनें आजहि म्हटलीं जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचीं 'स्मृतिचित्रें' आपण सर्वांनीं आवडीनें वाचलीं. पण ज्या श्रद्धेमुळें तो सारा संसार उलटापालटा झाला, तिचें गीत ऐकण्याची उत्सुकता आपल्यापैकीं कितीजणांस वाटली?

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी वर्गांत टिळकांची कविता शिकवीत होतों. नगर जिल्ह्यांतून मुंबईस आलेल्या एका कुटुंबांतील मुलगा एकाएकीं उठून म्हणाला, "गुरुजी, या टिळकांचीं भजनें आमच्या घरीं रोज संध्याकाळीं म्हणतात. एक म्हणून दाखवूं का?" त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला अजून दिसतो. मीं म्हटलें, "त्याचा आपल्या धड्याशीं संबंध नाहीं. खालीं बैस." तो बसला. पुढें वर्षभर त्यानें वर्गांत आपण होऊन कांहीं सांगितल्याचें मला स्मरत नाहीं.

त्याच वर्गांत आषाढांत आम्ही तुकोबांचे अभंग म्हणत होतों. तेव्हां धड्याशीं संबंध आहे कीं नाहीं, हें मीं पाहिलें नव्हतें. विठ्ठलावर माझी श्रद्धा होती म्हणावें, तर तसेंहि नाहीं. मग भेद कोठें होता? आपल्या घरच्या भक्तीस मी 'संस्कृति' म्हणत होतों, आणि त्या मुलाच्या घरच्या भक्तीस 'धर्म'. एकच तराजू, पण पारडीं दोन आणि वजनेंहि दोन!

तिसरी रीत सरळ कान झांकून घेण्याची. हिचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतलें आहे. बॉब डिलन हा गीतकार तरुण पिढीचा लाडका. १९७९ सालीं तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि त्या भावनेचीं गीतें त्यानें 'स्लो ट्रेन कमिंग' या ध्वनिमुद्रिकेंत गायिलीं. त्या नोव्हेंबरांत सॅन फ्रॅन्सिस्को येथील वॉरफील्ड नाट्यगृहांत त्यानें आपलीं जुनीं गाजलेलीं गाणीं बाजूस ठेवून केवळ नवींच म्हटलीं, तेव्हां श्रोत्यांतील कित्येकांनीं त्याची हुर्यो उडविली. आणि पुढच्याच वर्षीं त्याच ध्वनिमुद्रिकेंतील एका गाण्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें! याच पिढीनें कृष्णवर्णीयांचीं जुनीं ख्रिस्ती भजनें मोठ्या प्रेमानें ऐकलीं होतीं. तेव्हां त्यांचा राग श्रद्धेवर नसावा. श्रद्धा जुनी असली, दूरची असली, ती बाळगणारा कालवश झालेला असला, तर ती आपणांस गोड लागते. परंतु जिवंत माणूस समोर उभा राहून "मी हें मानतों" असें गाऊं लागला कीं आपण बिचकतों. मृत टिळक पाठ्यपुस्तकांत आले. जिवंत टिळकांना मात्र आप्तस्वकीय अंतरले, त्याचें मर्म यांतच आहे.

आपल्याकडील उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. दिल्लीस दरवर्षीं २९ जानेवारीस सैन्याच्या वाद्यवृंदांचा 'बीटिंग रिट्रीट' समारंभ होतो. त्यांत पुष्कळ वर्षें 'अबाइड विथ मी' या स्तोत्राची चाल वाजविली जात असे. हेन्री लाइट या धर्मोपदेशकानें तें १८४७ सालीं आपल्या अंतकाळीं लिहिलें. विल्यम मंक यांची सुप्रसिद्ध चाल १८६१ ची. हें गांधीजींचें आवडतें स्तोत्र. २०२२ सालीं तें त्या कार्यक्रमांतून गळलें आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' या गीताची चाल आली. राष्ट्रीय समारंभांत भारतीय चाली असाव्या, हा त्यामागील युक्तिवाद सहज टाकून देण्यासारखा नाहीं. तथापि विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्या समारंभांत स्तोत्राचा एक शब्दहि कोणी म्हणत नसे. केवळ वाद्यें आणि घंटा वाजत. शब्द वगळले म्हणजे श्रद्धा वगळली, हा पहिल्या रीतीच्या श्रोत्याचा समज येथें खोटा ठरला.

कोणी म्हणेल, "गुरुजी, ही भीति कांहीं आकाशांतून पडलेली नाहीं." खरें आहे. आमच्या बोरिवलीचें मंडपेश्वराचें लेणें पाहा. मूळ शिवाचें स्थान. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमदानींत त्याचें ख्रिस्तमंदिर करण्यांत आलें, आणि दगडांत कोरलेला क्रूस तेथें आजहि दिसतो. सत्तेच्या बळावर देव बदलले गेले, ही हकीकत लपविण्यांत शहाणपणा नाहीं. गीत हेंहि प्रचाराचें साधन होऊं शकतें. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूनें १६१६ सालीं 'ख्रिस्तपुराण' छापलें, तें सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांचें. जुन्या पुराणांस मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांस त्यांच्याच भाषेंत दुसरें पुराण द्यावें, हा त्याचा उघड हेतु होता. पण त्याच ग्रंथांत त्यानें मराठी भाषेचें जें कौतुक केलें आहे, त्याचा अभिमान आपण बाळगतोंच ना? शिवाय गोराई-मनोरीच्या आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांस त्या जुन्या सत्तेचें देणें फेडावयास लावणें न्यायाचें होणार नाहीं. १८८७ पासून ते स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवितात. पण त्यांची बोली मराठीचीच आणि भूमि हीच. ते या साष्टीचे जुने रहिवासी. आम्ही आगगाडीच्या सोयीनें मागाहून येथें बिऱ्हाड केलेलीं माणसें.

मग ऐकणाऱ्यानें करावें तरी काय? मला वाटतें, गांधीजींचें उदाहरण येथें पुरेसें आहे. न्यूमन आणि लाइट यांचीं स्तोत्रें त्यांच्या प्रार्थनेंत वर्षानुवर्षें म्हटलीं गेलीं. गांधीजी आपल्या धर्मांत यावे, अशी कित्येक ख्रिस्ती मित्रांची मनापासून इच्छा होती. ते गेले नाहींत; आणि गेले नाहींत म्हणून त्यांनीं स्तोत्रें म्हणण्याचेंहि सोडलें नाहीं. ऐकणें म्हणजे शरण जाणें नव्हे, हें याहून स्पष्ट कसें दाखवितां येईल? श्रोत्यानें गाणाऱ्याची श्रद्धा गाणाऱ्यापाशींच राहूं द्यावी. ती खरवडून काढूं नये आणि आपल्या अंगास चिकटेल म्हणून भिऊंहि नये. "हें मला पटत नाहीं, पण तुझ्या गाण्याचा प्राण येथें आहे हें मला दिसतें," असें म्हणण्यांत इहवादाचा भंग होत नाहीं. उलट, ज्याचा विचार पक्का आहे, त्यालाच असें निर्भयपणें ऐकतां येतें. आणि जो नियम परक्याच्या स्तोत्रास लावावयाचा, तोच आपल्या अभंगासहि लावावा, एवढें पथ्य मात्र पाळलें पाहिजे.

गेल्या डिसेंबरांतील त्या संध्याकाळीं टाळ्या थांबल्यावर मीं पुढें होऊन मेळ्यांतील एका वृद्ध बाईंस म्हटलें, "मावशी, आपण घरीं जें म्हणतां, तें म्हणाल का?" त्यांनीं आमच्या पदाधिकाऱ्यांकडे पाहिलें. ते गप्प राहिले. मग मावशींनीं डोळे मिटून टिळकांचें एक भजन आरंभिलें, आणि हातांच्या टाळ्यांवर तोच आपल्या ओळखीचा भजनी ठेका धरला. गाणें संपल्यावर पदाधिकारी माझ्या कानाशीं लागून म्हणाले, "अहो, हें तर अगदीं आपल्यासारखेंच आहे!" त्यांचा भाव चांगला होता; पण मला तें पुरेसें वाटलें नाहीं. तें आपल्यासारखें होतें म्हणून ऐकावयाचें नव्हतें. तें त्यांचें होतें, आणि तें मराठींत होतें.

मी मात्र दुसऱ्याच विचारांत गढलों होतों. त्या मुलाला वर्गांत म्हणावयाचें होतें, तें भजन हेंच असेल काय? याचा उलगडा मला कधींच होणार नाहीं. कारण त्या दिवशीं मीं तें ऐकूनच घेतलें नव्हतें.