साथीचे दिवस आणि मुलांचीं चित्रपुस्तकें

मुलांस काय सांगावें, किती सांगावें आणि काय सांगूं नये, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबांत नित्याचाच आहे. एरवीं तो आजचा उद्यांवर ढकलतां येतो. परंतु घरावर संकट येतें तेव्हां तो ढकलतां येत नाहीं; कारण मोठीं माणसें बोलत नसलीं तरी मुलें पाहत असतात. सन २०२० च्या मार्च महिन्यांत हा प्रश्न जगांतील बहुतेक सर्व घरांपुढें एकदमच उभा राहिला. ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाच्या साथीस महामारी म्हटलें. २५ मार्चपासून आपल्या देशांत टाळेबंदी सुरू झाली. आणि युनेस्कोच्या गणनेप्रमाणें त्या दिवसांत जगांतील सुमारें १६० कोटि विद्यार्थ्यांच्या शाळा बंद पडल्या. काल ज्या मुलास 'बाहेर जाऊन खेळ' असें आपण सांगत होतों, त्यालाच 'उंबऱ्याबाहेर पाऊल टाकूं नकोस' असें सांगण्याची पाळी आली. त्यानें 'कां?' म्हणून विचारल्यावर काय उत्तर द्यावें, हें पुष्कळ शिकल्यासवरल्या आईबापांसही सुचेना.

हें उत्तर शोधण्याच्या कामीं मुलांसाठीं लिहिणारे आणि चित्रें काढणारे लोक तत्परतेनें पुढें झाले, ही गोष्ट आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगी वाटते. टाळेबंदीचा पहिला महिना उलटतो न उलटतो तोंच साथीविषयींचीं चित्रपुस्तकें तयार झालीं आणि त्यांतील कित्येक विनामूल्य वाटण्यांत आलीं. पूर्वींच्या साथींत मुलांच्या वांट्याला काय आलें होतें, हें आठवलें म्हणजे याची किंमत कळते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला व लवकरच त्यानें पुण्यांत हाहाकार उडविला. रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्यें त्याच रोगास बळी पडल्या. १९१८ सालीं इन्फ्लुएंझा आला. त्यास आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. त्या एका साथींत हिंदुस्थानांतील एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. आमची आजी त्या साथींतून वांचलेली. ती आम्हांस त्या दिवसांची हकीकत सांगे, तेव्हां ओसरीवरचीं आम्ही सारीं मुलें तिला चिकटून बसत असूं. त्या हकीकतींत भय होतें, दैव होतें, माणसांचा चांगुलपणाही होता. मात्र साथींत लहान मुलानें काय समजावें आणि काय करावें, हें तींत नव्हतें.

विलायतेकडेही पूर्वीं फारसें निराळें नव्हतें. मार्जरी विल्यम्स या लेखिकेची 'द व्हेल्व्हेटीन रॅबिट' ही सचित्र कथा १९२२ सालची. तींतील मुलास सांसर्गिक ज्वर येतो, आणि ज्या मखमली सशाला घेऊन तो निजत असे, तो जाळून टाकावा असें डॉक्टर सांगतात. कथा फार हृद्य आहे. परंतु तींत सगळें ठरविणारीं तीं मोठीं माणसेंच. मुलानें बरें व्हावें, एवढेंच त्याचें काम. आजारपणाविषयीं प्रत्यक्ष मुलाशीं बोलावें, ही दृष्टि पुढें हळूहळू आली आणि २०२० सालच्या पुस्तकांत ती स्पष्ट दिसते. अशा चार पुस्तकांचा परिचय येथें करून देतों.

पहिलें पुस्तक लंडनच्या नोझी क्रो या प्रकाशनसंस्थेचें, 'कोरोनाव्हायरस : अ बुक फॉर चिल्ड्रन'. तें एप्रिल २०२० मध्यें निघालें. एलिझाबेथ जेनर, केट विल्सन व निया रॉबर्ट्स या तिघींनीं तें लिहिलें; आणि 'ग्रफलो' या पुस्तकाच्या चित्रांमुळें ज्यांचें नांव असंख्य मुलांस ठाऊक आहे, त्या आक्सेल शेफलर यांनीं त्याचीं चित्रें काढलीं. साथींच्या प्रसाराचे अभ्यासक प्राध्यापक ग्रॅहम मेडली यांचा सल्ला त्यास लाभला होता. या पुस्तकांत गोष्ट अशी नाहीं. आहेत ते प्रश्न. हा विषाणु म्हणजे काय? तो लागतो कसा? त्यावर औषध आहे काय? शाळा कां मिटल्या? मी काय करूं शकतों? पुढें काय होणार? आणि उत्तरें अशीं सरळ, कीं सहासात वर्षांच्या मुलास तीं कळावींत. ही रीत आपणांस परकी नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे साथींचा, एक अध्यायच आहे. माणसांची प्रकृति, आहार, वय हीं सर्व भिन्न असतां एकाच वेळीं एकाच रोगानें देशचे देश कसे ओस पडतात, असा प्रश्न तेथें शिष्य अग्निवेश विचारतो. आणि भगवान आत्रेय त्यास न दटावितां वायु, जल, देश व काल यांच्या बिघाडाची कारणपरंपरा उलगडून सांगतात. त्यांचें शास्त्र आज जुनें झालें असेल, पण प्रश्नाचा मान ठेवण्याची ती रीत जुनी झालेली नाहीं.

दुसरें पुस्तक 'माय हीरो इज यू'. तेंही एप्रिल २०२० मधलेंच. संयुक्त राष्ट्रांच्या व इतर साहाय्यसंस्थांच्या संयुक्त समितीनें तें प्रसिद्ध केलें. लेखन व चित्रें हेलन पाटक यांचीं. लिहिण्यापूर्वीं निरनिराळ्या देशांतील १,७०० हून अधिक मुलें, पालक व शिक्षक यांस, साथीच्या दिवसांत तुमचें कसें चाललें आहे, असें विचारण्यांत आलें होतें. पुढें त्याचीं शंभराहून अधिक भाषांत भाषांतरें झालीं. सारा नांवाच्या मुलीची आई शास्त्रज्ञ आहे. आपण लहान, आपल्या हातून काय होणार, या विचारानें सारा खिन्न होते. तेव्हां रात्रीं आरिओ नांवाचा एक मोठा, उडणारा, प्रेमळ प्राणी तिजकडे येतो. त्याच्या पाठीवर बसून ती देशोदेशींच्या मुलांस भेटते. त्यांत पिरॅमिडांच्या देशांतला सालेम आहे, तशीच निर्वासितांच्या छावणींतली लैलाही आहे. भीति वाटूं लागली म्हणजे आपल्यास जेथें निर्धास्त वाटतें अशी जागा मनांत आणावी, असें आरिओ शिकवितो. या पुस्तकाबरोबर मोठ्यांस एक सूचना दिलेली आहे, ती आमच्या मतें सर्वांत मोलाची : मुलाच्या हातीं हें पुस्तक देऊन मोकळे होऊं नका, आईबापांनीं, संगोपन करणारांनीं अगर शिक्षकांनीं तें मुलाजवळ बसून वाचावें.

तिसरें पुस्तक अगदीं चिमुकल्यांचें. इओइन मॅक्लॉक्लिन यांनीं लिहिलेलें व पॉली डनबार यांनीं रंगविलेलें 'व्हाइल वी कान्ट हग' हें २०२० सालचें. साळू आणि कासव हे जिवलग मित्र. परंतु त्यांस एकमेकांस मिठी मारण्याची बंदी आहे. मग घुबड त्यांस सांगतें कीं, प्रेम दाखविण्याचे दुसरेही मार्ग आहेत : हात हालवा, पत्र लिहा, नाचून दाखवा, गाणें म्हणा. रोगाचा उच्चार न करतां दुराव्याचें दुःख या पुस्तकानें बरोबर ओळखलें आहे. आजीच्या मांडीवर बसूं नकोस, असें ज्या नातवास सांगावें लागलें, त्याला याहून अधिक शास्त्र नको होतें.

चौथें पुस्तक 'आउटसाइड, इनसाइड'. सायगांवमध्यें जन्मलेल्या व अमेरिकेंत वाढलेल्या लेउयेन फाम यांचें हें पुस्तक जानेवारी २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. एके दिवशीं बाहेरचीं सर्व माणसें आंत गेलीं, आणि ज्यांस आंत जातां आलें नाहीं, तीं बाहेर राबत राहिलीं, एवढेंच त्याचें सूत्र. जो दूध आणून देतो, जो कचरा नेतो, जी परिचारिका रात्रभर जागते, त्यांच्या बाहेर राहण्यावर आपलें आंत राहणें उभें आहे, हें मुलास उपदेश न करतां चित्रांनींच कळतें. शिवाय बाहेरून माणसें निराळीं दिसलीं तरी आंतून तीं एकच आहेत, असा दुसराही अर्थ त्या नांवांत आहे.

आपल्या देशांतही हें काम झालें. २००४ सालीं स्थापन झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर साथीविषयींच्या सचित्र गोष्टी विनामूल्य उपलब्ध झाल्या. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील बालकथा तेथें वाचावयास मिळतात. वाचकांनीं त्या अवश्य पाहाव्या.

या सर्वांवरून चांगल्या पुस्तकाचीं तीन लक्षणें आम्हांस दिसतात. तें खोटें बोलत नाहीं. मुलाच्या ओंजळींत मावेल तेवढेंच सांगतें. आणि मुलास करण्यासारखें कांहीं तरी काम देतें. हात धुणें हें काम लहान, पण 'मी हें केल्यानें आजोबांचें रक्षण होतें' हें मुलास कळलें म्हणजे त्याची भीति निम्म्यानें कमी होते. जें पुस्तक नुसती आज्ञांची यादी देतें, तें दवाखान्याच्या भिंतीवर शोभेल. मुलाच्या मांडीवर शोभणार नाहीं. आणखी एका दोषाविषयीं सावध राहिलें पाहिजे. विषाणूस शिंगें व सुळे काढून त्याचा राक्षस करण्याचा मोह चित्रकारांस सहज होतो. परंतु तोच रोग बापास जडून तो माडीवरच्या खोलींत एकटा राहूं लागला, तर मुलाच्या मनांत तो राक्षस त्या खोलींत शिरल्यावांचून राहील काय? रोग वाईट असतो, रोगी वाईट नसतो, हा भेद चित्रांनींही पाळला पाहिजे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. पहिल्या दिवसांतल्या पुस्तकांचा भर स्वाभाविकपणेंच स्वच्छतेवर व धीरावर होता. मृत्यूविषयीं बोलण्याची पाळी नंतर आली. १ एप्रिल २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत आपल्या देशांतील सुमारें १ लक्ष ४७ हजार मुलांनीं आई, बाप किंवा दोघेही गमावल्याची माहिती राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानें सर्वोच्च न्यायालयास दिली होती. या आंकड्यांत इतर कारणांनीं झालेले मृत्युही धरलेले आहेत; पण आजीआजोबा गमावलेल्या मुलांची गणना त्यांत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरीं एप्रिल २०२१ मध्यें आजोबांस रुग्णालयांत नेलें, ते परत आले नाहींत. अंत्यदर्शनही कोणास घडलें नाहीं. पांच वर्षांच्या नातवास सांगण्यांत आलें कीं, आजोबा काशीस गेले. हेतु प्रेमाचाच होता. वर्षानें एका लग्नास जाण्यासाठीं आजोबांची बॅग माळ्यावरून खालीं काढली, तेव्हां त्या मुलानें विचारलें, "आजोबा बॅग न घेतांच काशीला गेले? आणि ते एकदांही फोन करीत नाहींत, ते माझ्यावर रागावले आहेत का?" त्या घरांतल्या सुनेनें आम्हांस हें सांगितलें तेव्हां तिचे डोळे भरून आले. मरणाच्या दुःखापासून मुलास वांचवूं गेलें, तें त्याच्या पदरांत त्यागाचें दुःख पडलें. आजोबा गेले यापेक्षां आजोबांनीं मला टाकलें, हें मुलास कितीतरी कठीण.

आणि मुलास मृत्यूविषयीं विचारण्याचा अधिकार नाहीं, असें तरी कोणी म्हणावें? कठोपनिषदांतला नचिकेता हा कुमारच. तो साक्षात् यमाच्या दारीं तीन रात्री बसला आणि मेल्यावर माणसाचें काय होतें, हाच प्रश्न त्यानें विचारला. यमानें त्यास हत्ती, घोडे, सोनें, दीर्घायुष्य, सर्व कांहीं देऊं केलें. परंतु हें विचारूं नकोस म्हटलें. आज आपण मुलाच्या हातीं खाऊ देतों, मोबाईल देतों, तें याच जातीचें आहे. फरक इतकाच कीं, यमानें अखेर उत्तर दिलें.

चित्रपुस्तकांस हें काम अशक्य नाहीं. जर्मन चित्रकार वोल्फ एर्लब्रुख यांनीं २००७ सालींच एक बदक व मृत्यु यांच्या मैत्रीचें पुस्तक काढलें होतें. त्यांत मृत्यु भेसूर नाहीं, शांतपणें सोबत चालणारा आहे. 'माय हीरो इज यू' या पुस्तकाचा दुसरा भाग सप्टेंबर २०२१ मध्यें निघाला, तो १०४ देशांतील सुमारें ५,५०० मुलांच्या व मोठ्यांच्या उत्तरांवर आधारलेला होता. आणि त्यांत भय व रागाबरोबर शोकासही जागा दिलेली होती. मराठींत मात्र अशीं पुस्तकें आणखी हवींत : वाड्यांतलीं, चाळींतलीं, ज्यांत आजी काढा उकळते आहे, काका माडीवर वेगळे निजले आहेत आणि भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीस हार घातलेला आहे. आमच्या लेखकांनीं व चित्रकारांनीं हें मनावर घ्यावें.

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. टाळेबंदींत जन्मलेलीं मुलें आज शाळेंत जातात. त्यांस तो काळ ऐकीव इतिहास झाला आहे. आतां हीं पुस्तकें कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, भीति ओसरल्यावरच त्या भीतीविषयीं नीट बोलतां येतें. एकत्र कुटुंबांत या कामास माणसांची वाण नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ काढावी. आजीनें, काकानें अगर थोरल्या बहिणीनें धाकट्यांस जवळ घेऊन असें एखादें पुस्तक वाचावें. मध्यें मूल विचारील तेथें थांबावें. जें ठाऊक नसेल तें ठाऊक नाहीं म्हणावें. जें माणूस गेलें असेल, त्याचें नांव घ्यावें, त्याच्या आवडीनिवडी सांगाव्या, आणि तें आतां परत येणार नाहीं, हेंही त्याच प्रेमळ स्वरांत सांगावें. मुलें रडतील, रडूं द्यावें. आपल्या मांडीवर रडलेलें मूल एकटें पडत नाहीं.