यंत्रमानवाची वाट, माणसाचे आरोग्य

एक्स-रे काढताना तंत्रज्ञ आपल्याला नीट बसवतो आणि स्वतः मात्र शिशाच्या आडोशामागे जातो. 'मला इथे सोडून हा पळाला,' असे आपल्याला वाटते. पण आपला एक्स-रे कधीतरी एखादा, त्याचे रोजचे तेच काम. त्याच्या छातीवरचा टीएलडी बिल्ला अंगावर पडलेल्या किरणांची नोंद ठेवतो. आपल्या देशात अशा कामगारांसाठी मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी काढता वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही.

किरणांपासून बचाव करायचा तो तीन गोष्टींनी: कमी वेळ, जास्त अंतर आणि मधे आडोसा. किरण देणारी वस्तू लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते.

मानखुर्दजवळ ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे अतिकिरणोत्सारी पदार्थ जाड भिंतींच्या कोठडीत ठेवून, शिशाच्या काचेतून पाहत यांत्रिक हातांनी हाताळतात. पण भिंतीत बसवलेला हात कोठडीबाहेर कसा जाणार? त्यासाठी चाकांवर किंवा पट्ट्यांवर चालणारा यंत्रमानव हवा. दुरून हाताळणी आणि यंत्रमानव या विषयांसाठी केंद्रात स्वतंत्र विभागच आहे.

यंत्रमानव म्हणजे माणसासारखा पुतळा नव्हे, बरेचदा ती एक बुटकी गाडी असते. खरे कोडे आहे वाट शोधण्याचे. यंत्र जागेच्या नकाशाचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातून जाण्याची 'किंमत' ठरवते आणि एकूण किंमत सर्वांत कमी येईल ती वाट धरते. किमतीत किरणांची मात्राही धरली, तर जवळची वाट महाग आणि वळसा स्वस्त ठरू शकतो. यंत्राला कर्करोग होत नाही हे खरे, पण तीव्र किरणांनी त्याचे इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होतात.

१९८६ साली चेर्नोबिलच्या छतावर नेमके हेच झाले. दुरून चालवायची यंत्रे बंद पडली. मग सैनिकांना एकेक-दोन मिनिटांसाठी वर धाडून फावड्याने ढिगारा उपसावा लागला. तिथे अंतर नाही, आडोसाही पुरेसा नाही. हाती उरला फक्त वेळ. २०११ मध्ये फुकुशिमात यंत्रमानव आत शिरले. त्यांतला जपानी 'क्विन्स' ऑक्टोबरमध्ये परत येताना तार अडकून आतच राहिला. जाण्याइतकाच परतीचाही विचार आधी करावा लागतो, तो असा.

आपल्या गावातल्या एक्स-रे खोलीत यंत्रमानव नाही. तिथे नातेवाइकांनी विनाकारण थांबू नये. रुग्णाला धरायला कुणी थांबावेच लागले, तर शिशाचा अॅप्रन मागून घ्यावा. गरोदर असल्याची शक्यता असेल, तर एक्स-रे काढण्याआधीच सांगावे.